बत्तीस चाकांची हवा

हॅलोरन टायर कंपनीच्या सत्तराव्या वाढदिवसाला हृषिकेशला बोलायला पाच मिनिटं दिली होती. ज्यांनी दिली ते त्याला ओळखत नव्हते. त्याची बायको मिताली ओळखत होती, म्हणून तिने पाण्याची मोठी बाटली आणि चार केळी बरोबर घेतली.

हृषिकेश ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. माणूस लाख, कुणाच्याही मदतीला धावणारा, पण टायरचा विषय निघाला की संपलं. बर्ट हॅलोरन नावाच्या ट्रकवाल्याला एकाच खेपेत अकरा पंक्चर काढावी लागली आणि त्या वैतागातून ही कंपनी कशी जन्मली, हे त्याने कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. टायरची बाजू तीन पदरी का, खाचांमधून खडा आपोआप बाहेर कसा फेकला जातो, आणि मातीतला टायर करता करता बर्टने शर्यतीचा टायर कसा काढला, हे तर त्याने एकदा सत्यनारायणाच्या दोन अध्यायांच्या मध्ये भटजींनाच ऐकवलं होतं.

"पोरीचा ब्लडग्रुप मला विचारतो," मिताली म्हणायची, "आणि त्या बर्टच्या बायकोचं नाव मात्र पाठ!"

"डोरीन," हृषिकेश लगेच म्हणायचा.

पण आजची गोष्ट निराळी होती. आज सासरे येणार होते ऐकायला. पद्माकरराव महिन्याभरासाठी सांगलीहून आले होते. एस.टी.च्या डेपोत, तेही टायर विभागात, चौतीस वर्षं काढलेला माणूस! जावयाने घर दाखवलं, खाण दाखवली, नवे कोरे हॅलोरन टायर घातलेली गाडी दाखवली. सगळ्यावर उत्तर एकच, "बरं आहे." लग्नाला सात वर्षं झाली, दर रविवारी फोन होतो, तरी आपण या माणसाला आवडतो की नाही, हे हृषिकेशला अजून कळलेलं नव्हतं. आज एकदा तरी त्यांनी "शाब्बास" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

गावाबाहेर चाळीस किलोमीटरवर लाल वाळूची एक लांबलचक टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी कंपनीने तंबू ठोकला होता. पर्थहून फिओना नावाची मॅनेजर कॅमेरा घेऊन आली होती. आधी भाषण, मग हॅलोरनवाल्या आठ गाड्या टेकडी चढणार आणि त्याची जाहिरात होणार, असा बेत होता.

आता, वाळूत चाक जरा पसरावं लागतं, म्हणून जाणकार लोक आधीच हवा निम्म्यावर आणतात. आठही जणांनी ती आणली. नेमके त्या वेळी पद्माकरराव टॉयलेटच्या रांगेत उभे होते. परत आल्यावर त्यांना थंडी वाजत होती, तर हृषिकेशने आपलं खाणीतलं भगभगीत पिवळं जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं आणि तो तंबूत गेला.

पद्माकररावांनी दहा मिनिटं भाषण ऐकलं. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण पन्नास-साठ माणसं आपल्या जावयाचं ऐकतायत, हे दिसत होतं. मग पाय मोकळे करायला ते बाहेर आले आणि सवयीने गाडीच्या चाकावर मूठ मारली.

"अरे देवा!"

चारही चाकं मऊ. शेजारच्या गाडीचीही मऊ. आठच्या आठ गाड्यांची हवा गेलेली!

"कुणा हरामखोराचं काम आहे हे," ते स्वतःशीच म्हणाले. पोराचं कौतुक कुणाला तरी बघवलं नाही, अशी त्यांची खात्रीच झाली. आत जाऊन सांगावं, तर भाषण बिघडणार. चौतीस वर्षांत त्यांच्या डेपोच्या फाटकातून कमी हवेची एक गाडी बाहेर पडली नव्हती. समोर कंपनीची व्हॅन उभी होती, त्यात हवा भरायचं मोठं मशीन. पद्माकररावांनी बाह्या सरसावल्या.

पिवळ्या जॅकेटमुळे कुणी हटकलंही नाही. उशिरा आलेला एक टोपीवाला तर थांबून म्हणाला, "गुड ऑन या, मेट!" आणि त्यांच्या हातात पावात घातलेला सॉसेज ठेवून गेला. पद्माकररावांनी पाव आणि कांदा खाल्ला, सॉसेज जवळच्या कुत्र्याला दिला आणि पुढचं चाक घेतलं.

आत फिओनाने दोनदा घड्याळ दाखवलं. हृषिकेश तेव्हा १९७१ सालात होता, त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला तो हात उंचावून म्हणाला, "वाळूत रुतलेला हॅलोरन मला दाखवा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी भाषण संपलं म्हणूनही वाजवल्या असतील.

मग काय, पहिली गाडी हृषिकेशची. शेजारी सासरे, मागे मिताली. टेकडीच्या मध्यावर चाकं घूं घूं करायला लागली, वाळूचे फवारे उडाले आणि गाडी म्हशीसारखी बसली. दुसरी तिला वळसा घालायला गेली, तीही बसली. तिसरी, चौथी... आठवी तर पायथ्याशीच रुतली. फिओनाने कॅमेरा खाली ठेवला.

हृषिकेशने उतरून हवा मोजायचा गेज लावला. "चाळीस? मी स्वतः अठरावर आणली होती!"

"म्हणजे?" पद्माकरराव दचकले. "हवा तुम्हीच काढली होती?"

"बाबा... तुम्ही भरलीत?"

"सगळ्यांची. बत्तीस चाकं." मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण बरोबर चाळीस भरली ना?"

"अगदी बरोबर चाळीस," हृषिकेश म्हणाला. मिताली वाळूत बसकण मारून हसत सुटली.

तोवर सगळे मालक चढून आले. "दॅट्स द ब्लोक!" हाच तो माणूस, म्हणून टोपीवाल्याने बोट दाखवलं. पद्माकररावांचा चेहरा एवढासा झाला. "चारचौघांत तुमची शोभा केली मी," ते पुटपुटले.

ते ऐकून हृषिकेशला भाषण, कंपनी, जाहिरात, कशाचंच काही वाटेनासं झालं. तो पुढे झाला. "हे माझे सासरे. चूक माझी आहे, मी त्यांना सांगितलं नव्हतं."

मग टोपीवालाच खो खो हसला आणि सगळ्यांना हसू फुटलं.

पद्माकररावांनी मात्र मांडी घातली होती. नळीच्या तोंडावर अंगठा, हवा सोडायची, चाकावर मूठ मारायची, कान द्यायचा, बास. फिओनाने गेज लावला. अठरा. पुढचं चाक, अठरा. त्याच्या पुढचंही अठरा! तिसऱ्या गाडीपर्यंत सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते आणि फिओनाचा कॅमेरा पुन्हा सुरू होता. दुपारपर्यंत आठही गाड्या माथ्यावर होत्या.

वर फिओनाने माइक पद्माकररावांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला, तुमचा जावई इंग्रजीत सांगेल."

"टायरला कान द्यावा," पद्माकरराव म्हणाले. हृषिकेशने इंग्रजी केलं. टाळ्या पडल्या.

पद्माकररावांनी घसा साफ केला. "माझ्या घरात टायरचा विषय काढला की सगळे उठून जायचे. बायको, मुली, सगळे. चौतीस वर्षं मी एकटाच. आता दर रविवारी या हृषिकेशरावांचा फोन येतो, तासभर टायरवर बोलतात. मी शनिवारीच सगळी कामं उरकून ठेवतो. मला काही बोलता येत नाही, पण रविवारची वाट बघतो. माणूस लाखात एक मिळाला मला."

हृषिकेशने तोंड उघडलं. अठ्ठेचाळीस मिनिटं बोललेल्या माणसाच्या तोंडून अक्षर फुटेना.

"व्हॉट डिड ही से?" फिओनाने विचारलं.

"ही सेज..." हृषिकेशने डोळे पुसले. "महिन्यातून एकदा हवा तपासत जा."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "खोटारडा!" मागून मिताली ओरडली.

पद्माकरराव जावयाकडे वळले. "नीट सांगितलंत ना सगळं?"

"हो बाबा," हृषिकेश म्हणाला, "शब्दन् शब्द."