ओलांडण्याचा हेतू

माणूस हा जन्मतः पादचारी आहे. पुढे तो शिकतो, गाडी घेतो आणि सुधारतो. पण काही माणसं शेवटपर्यंत चालतच राहतात. अशा हट्टी लोकांच्या जिवाची काळजी वाहायला शहरात एक स्वतंत्र कक्ष होता. कक्षाचे प्रमुख अभियंते स्वतः कुठेही पायी जात नसत. (न्यायाधीशाने आपल्याच खटल्याचा निकाल देऊ नये, तसंच हे.)

अभियंत्यांची आई त्यांच्याजवळ राहायची आणि आईची धाकटी बहीण समोरच्या इमारतीत. मधे फक्त रस्ता. मावशीने पडून मांडीचं हाड मोडून घेतलं, तेव्हापासून आई रोज तिच्यासाठी डबा घेऊन निघायची. कडेला उभी राहायची, जीव मुठीत धरायची आणि फट दिसली की चपला सावरत पलीकडे पळायची. एकदा एका स्कूटरने हातातला डबा उडवला. डबा गेला, आई वाचली. अभियंत्यांच्या ते फार जिव्हारी लागलं.

त्यातून जन्माला आली हेतू-निदान यंत्रणा. खांबावरचे कॅमेरे माणसाची मान, नजर आणि पाऊल पाहून त्याला खरोखर रस्ता ओलांडायचा आहे की उगाच उभा आहे, हे ठरवत. हेतू पक्का असेल तर रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर दिवे लागत आणि एक गोड आवाज वाहनचालकांना थांबण्याची विनंती करी. (आज्ञा केल्यास चालकांची मनं दुखावतील, असं समितीचं मत पडलं.)

उद्घाटनाला पहिलं पाऊल टाकण्याचा मान आईला मिळाला. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पाय पुढे टाकला आणि येणारा ट्रक बघून मागे घेतला. यंत्राने तिचा हेतू डळमळीत ठरवला. ती तशीच उभी राहिली, तेव्हा त्याने तिची गणना ‘स्थिर वस्तू’त, म्हणजे विजेच्या खांबाच्या वर्गात केली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी अभियंत्यांनी तिला समजावलं, की दोष यंत्राचा नाही, ती मनापासून रस्त्यात उतरत नाही.

“गाडी अंगावर येत असताना मनापासून कसं उतरायचं रे?” आईने विचारलं. “त्यापेक्षा गाड्यांनाच का नाही थांबवत?”

“गाड्या आमच्या कक्षात येत नाहीत, आई.”

मग पादचाऱ्यांसाठी वर्ग निघाले. खांदे ताठ, नजर समोर, मनात शंका नाही. तरुण पास झाले, म्हातारे नापास. व्यायामशाळेच्या एका मास्तरांनी तर इतक्या आत्मविश्वासाने पाऊल टाकलं, की यंत्राने त्यांना वाहन समजून इतर पादचाऱ्यांना थांबवून धरलं. चालकांचीही पाहणी झाली. आवाज गोड आहे, असं बहुतेकांनी कबूल केलं. काही जण तो पुन्हा ऐकायला वळसा घालून आले. थांबलं कुणी नाही, पण तसा प्रश्नच पाहणीत नव्हता.

हळूहळू लोकांनी तिथून ओलांडणंच सोडलं. अपघात जवळजवळ संपले. अभियंत्यांचा सत्कार झाला.

डबा आता मोलकरीण लांबच्या पुलावरून पोचवू लागली. आईच्या गुडघ्यांना पुलाच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. मावशीने पलंग खिडकीशी सरकवून घेतला, आणि सकाळी आई गॅलरीतून हात हलवायची, मावशी पलंगावरून. यंत्राने गॅलरीतला तो हात टिपला आणि ‘हेतू: निश्चित’ असा निर्वाळा दिला. दिवे लागले, विनंती झाली, गाड्या भरधाव निघून गेल्या. हे रोजचंच झालं.

एका सकाळी खिडकीतून हात हलला नाही. आई चपला घालून दारात आली आणि म्हणाली, “मला तिकडे ने.”

अभियंत्यांनी गाडी काढली. त्या पट्ट्यांवरूनच पुढे जाऊन वळायचं होतं. पट्ट्यांपाशी एक म्हातारा हात वर करून उभा होता. दिवे लखलखत होते, गोड आवाज विनवत होता.

“थांब,” आई म्हणाली.

अभियंत्यांचा पाय खरोखरच ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. म्हाताऱ्याने एक पाऊल टाकलंही. इतक्यात मागून हॉर्न सुरू झाला, लांबलचक, दम न घेता. अभियंत्यांचे कान लाल झाले. त्यांनी पाय उचलला. म्हातारा मागे सरला.

मावशीला ताप होता, बाकी ठीक होती. बहिणीला बघून तिचे डोळे भरले. “चालत आलीस?”

“गाडीने,” आई तिच्या कपाळावर हात ठेवत म्हणाली. “चालत यायला रस्ता आता फारच सुरक्षित झालाय.”

अभियंते खिडकीशी पाठ करून उभे राहिले.

तो हॉर्न कुणाचा, याची चौकशी झाली नाही. तुम्हाला घाई होती, हे सगळेच समजू शकतात. आठवत नसेल तरी हरकत नाही. हॉर्न काय कुणी लक्षात ठेवून वाजवतं? शिवाय काळजीचं कारण नाही. यंत्र फक्त पायी चालणाऱ्यांचा हेतू तपासतं.