साहेबांची जिवती

डॉक्टर शशिधरांना यंदा कन्सल्टंटची जागा मिळणार, याबद्दल अख्ख्या बर्मिंगहॅममध्ये एका माणसाला तरी खात्री होती. ते म्हणजे स्वतः शशिधर! कारणही तसंच होतं. ऑगस्टच्या सुट्टीवर जाताना त्यांच्या पेंबर्टनसाहेबांनी आपलं चारशे वर्षं जुनं इटालियन चित्र यांच्या फ्लॅटवर आणून ठेवलं होतं. लाकडी फळीवर रंगवलेली मेरी आणि तिच्या मांडीवर बाळ येशू.

"माणूस घरातलं सोनं कुणाच्या हाती देतो?" शशिधर बायकोला विचारत, आणि उत्तरही स्वतःच देत, "विश्वासाच्या माणसाच्या!" साहेबांच्या नावावरची निम्मी ऑपरेशनं तेच तर करत होते.

प्रमोदिनीला चित्राचं कौतुक नव्हतं. जागा मिळाली की पुण्याला सासूबाईंकडे ठेवलेल्या उल्काला आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात. ट्रंककॉलवर पोर आता सख्ख्या आईला अहो-जाहो करायला लागली होती.

त्यात श्रावणातला शुक्रवार आला. पुण्याहून निघालेला जिवतीचा कागद पोस्टात कुठेतरी अडकलेला. मुलांचं रक्षण करणाऱ्या जिवतीची पूजा चुकवायची कशी? आणि समोर भिंतीवर तर मांडीवर लेकरू घेतलेली बाई बसलेली! प्रमोदिनीने तिला ओलं हळदकुंकू लावलं, पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं, आणि लेकरू परगावी असलं की टाकतात तशा चारी दिशांना अक्षता टाकल्या.

संध्याकाळी मेरीचं कपाळ बघून शशिधर ओरडलेच.

"अगं, ही त्यांची देवी आहे!"

"आई आहे ना? मग झालं."

घाबरलेला सर्जन दुसरं काय करणार? त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि सफाईदार हाताने कुंकू पुसलं. कुंकू गेलं. पाठोपाठ कपाळ गेलं, एक भुवई गेली आणि खालचं लाकूड दिसायला लागलं. त्यानंतर साहेब परतेपर्यंत बिचारे बसमध्ये माफीच पाठ करत होते.

साहेब आले, चष्मा लावून चित्र बघितलं आणि चक्क हसले. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, हे काही उस्तादाच्या हातचं नाही. हाताखालची पोरं राबायची आणि नाव उस्तादाचं लागायचं, अशातलं आहे. तुमच्याकडेच ठेवा. खरी मोलाची चित्रं मी व्हिटेकरकडे ठेवली होती. आणि हो, कन्सल्टंटची जागाही त्यालाच मिळतेय.

व्हिटेकरला टाके घालायला शशिधरांनीच शिकवलं होतं. ते म्हणाले, "यस सर."

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी प्रमोदिनी पुन्हा त्या मेरीपुढे बसली होती. शशिधर कपडे करता करता म्हणाले, "काही म्हण, चित्र शेवटी त्यांनी मलाच दिलं. माणूस घरातलं सोनं कुणाच्या हाती देतो?"

या वेळी उत्तर प्रमोदिनीने दिलं.

"साहेबांनी व्हिटेकरच्या दिलं. आपण सासूबाईंच्या."

आणि तिने मूठभर अक्षता खिडकीबाहेर टाकल्या.