गोल झाकणाचा जनादेश

लोकांचं म्हणणं ऐकून घेणं ही जनसेवेची पहिली पायरी असते. अनुभव असा आहे की ही पायरी चांगली ऐसपैस आहे, सावलीत आहे आणि तिच्यावर बसून निवृत्तीपर्यंत काम करता येतं. त्यामुळे वर चढण्याची घाई आमच्या नगर कार्यालयाने कधी केली नाही.

पूर्वी आमच्याकडे तक्रारपेटी होती. जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या मागे. तिची किल्ली नऊ वर्षांपूर्वी हरवली. (किल्ली हरवल्याची तक्रार त्याच पेटीत टाकलेली आहे, असं जुने कारकून सांगतात.) म्हणून कार्यालयाने इंटरनेटवर जनसंवाद कक्ष उघडला आणि त्याचा प्रमुख म्हणून मला नेमलं. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. चौघं उत्तरं लिहितात, तिघं चित्रं करतात, दोघं शुभेच्छा देतात, एक जण नागरिकांनी पाठवलेले हसरे-रडके चेहरे मोजतो आणि एक बाई विरामचिन्हं बघतात. तुलनेसाठी सांगतो, गटार दुरुस्ती विभागात दोन माणसं आणि एक पहार आहे. त्यातला एक सध्या रजेवर आहे. (पहार नव्हे.)

आमची पद्धत साधी आहे. तक्रार आली की एक्केचाळीस सेकंदांत आभाराचं उत्तर जातं. उत्तर गेलं की तक्रार निकाली निघाली. गेल्या वर्षी अशा अठ्ठ्याण्णव टक्के तक्रारी निकाली निघाल्या. उरलेल्या दोन टक्के लोकांनी आभारांबद्दल तक्रार केली. त्यांचे आभार मानण्याचं काम चालू आहे.

अशा सुरळीत कारभारात छापखान्यामागच्या गल्लीतल्या एका शिंप्याने एक फोटो टाकला. त्याच्या दुकानासमोरच्या गटाराचं झाकण फुटून आत पडलं होतं. शेजारी त्याने आपली मापाची पट्टी पसरून ठेवली होती, त्यामुळे खड्डा अडीच फूट बाय अडीच फूट, चौकोनी, हे कुणालाही वाचता येत होतं. खाली लिहिलं होतं: ‘बाबांना दिसत नाही. पडतील. झाकण लावा.’

बाबा म्हणजे त्याचे वडील. वय एक्क्याऐंशी. दोन्ही डोळे गेल्यात जमा. रोज सकाळी सातला उंबऱ्यापासून पावलं मोजत ते कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जात. तेवीस पावलं. खड्डा आठव्यावर होता.

आता खरं सांगायचं तर फोटो फार सुरेख आला होता. कोवळं ऊन, पिवळी पट्टी, मधोमध काळाभोर चौकोन. दुपारपर्यंत सहा हजार लोकांनी पसंती दिली. आमच्या शुभेच्छांना आजवर कुणी इतकं विचारलं नव्हतं. असा लोकसहभाग वाया घालवणं पाप आहे, म्हणून आम्ही लगेच जनमत घेतलं: ‘तुम्हाला कसं झाकण आवडेल? गोल, षटकोनी की सांगता येत नाही?’ (चौकोनी हा पर्यायही ठेवणार होतो, पण चित्रात जागा पुरली नाही.) सात हजार चारशे बारा नागरिकांनी मत दिलं. एकसष्ट टक्के मतं घेऊन गोल जिंकलं. बावीस टक्के लोकांना सांगता आलं नाही, पण तेवढं सांगायला तेही आवर्जून आले.

तिसऱ्या दिवशी शिंपी चक्क स्वतः कार्यालयात आला. आमच्या कक्षात नागरिकांसाठी खुर्ची नाही, कारण नागरिक येतील असं धरलेलंच नाही. तो उभा राहिला. गळ्यात पट्टी तशीच होती.

“साहेब, खड्डा चौकोनी आहे.”

“असेल. जनमत गोल आहे.”

“गोल तर गोल, पण लावा हो काहीतरी. मी मशीनवर बसतो, पण सगळा जीव दाराकडे. काल एकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.”

“बाबांना घरात बसवा ना चार दिवस.”

“बसवलं होतं. म्हणाले, डोळे गेले, आता पायही काढून घेतोस का?”

मी त्याला म्हटलं, हे सगळं ऑनलाइन टाका. तो म्हणाला, “तेरा वेळा टाकलंय.” त्याच आठवड्यात आम्ही त्याला ‘सर्वाधिक सहभागी नागरिक’ हा किताब दिला. प्रमाणपत्र फोनवर पाठवलं. त्याला सोनेरी किनार होती.

यानंतर माणसाने शहाणपणाने वागायला हवं होतं. पण त्याने आपली कापड बेतायची फळी आणून खड्ड्यावर टाकली. प्रतिसाद एका दिवसात चाळीस टक्क्यांनी घसरला. फळीचा फोटो कोण बघणार? शिवाय प्रकरण विचाराधीन असताना जागेची स्थिती बदलणं नियमात बसत नाही. आम्ही नम्रपणे कळवलं की फळी न काढल्यास तक्रार रद्द होईल आणि पहिल्यापासून टाकावी लागेल. तेरा वेळा टाकलेली तक्रार. बिचाऱ्याने फळी काढली आणि रोज सकाळी सातच्या आधी खड्ड्याशेजारी स्टूल टाकून काजं-बटणं करत बसू लागला.

दहाव्या दिवशी तो असाच बसला होता. बाबा उंबऱ्याबाहेर आले आणि त्याच वेळी त्याचा फोन वाजला. आमचाच संदेश होता: ‘हार्दिक अभिनंदन! तुमच्या तक्रारीने दहा हजारांचा टप्पा ओलांडला आहे.’ झाकणाचंच काही असेल म्हणून त्याने मान खाली घालून तो वाचायला घेतला. संदेश नऊ शब्दांचा होता. बाबांना पावलं आठच लागली.

गल्लीत तेव्हा सात माणसं जमली. सहांनी चित्रीकरण केलं. सातवा गटार दुरुस्तीचा मुकादम होता. त्याच्याकडे फक्त पहार होती, म्हणून तो आत उतरला. “अरे, फोन खिशात घाला आणि हात द्या कुणीतरी!” हे त्याचं वाक्य चार चित्रफितींत स्वच्छ ऐकू येतं. (आमच्या बाईंनी त्याला शेवटी उद्गारचिन्ह दिलं.) खाली वाकून दोन हात पसरलेला शिंपी सहाही फितींत दिसतो. मी तीन वेळा पाहिलं. खोटं कशाला बोलू, चौथ्यांदा पाहवलं नाही.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. आता ते खाटेवरून पावलं मोजतात, तोंडाने. आम्ही टाकलेल्या चित्रफितीला एकतीस हजारांची पसंती मिळाली आणि कक्षाला उत्कृष्ट लोकसंपर्काचं पारितोषिक. ऑनलाइन नोंद न करता खड्ड्यात उतरल्याबद्दल मुकादमाकडून खुलासा मागवला आहे. त्याने खुलासा दिला नाही. कार्यालयामागे पडलेली एक दगडी फरशी हातगाडीवर घालून तेवढी त्या गल्लीत नेली. मोजून अडीच फूट बाय अडीच फूट. पण ती एकट्याने उचलत नाही आणि त्याचा जोडीदार रजेवर. शिंपी आला असता, पण त्याचे हात बापाला कुशीवर वळवण्यात गुंतलेले. म्हणून फरशी गाडीवरच आहे, खड्ड्याच्या कडेला, आणि खड्डा उघडा.

मुद्दाम तुम्हाला सांगतो आहे, कारण आमच्याकडे नोंदी पक्क्या असतात. तुम्ही गोल दाबलं होतंत. नंतर चित्रफितीला रडका चेहरा दिलात आणि तीन सेकंदांत पुढे गेलात. गल्ली तुमच्या रोजच्या वाटेवरच आहे. मुकादम म्हणतो, दुसरं टोक धरायला कुणी आलं तर फरशी बसवायला तीन मिनिटं पुरतात. हे वाचायला तुम्हाला चार लागली. आवडलं असेल तर कळवा. एक्केचाळीस सेकंदांत आभार मानू.