विझलेला ड्रॅगन आणि बाबांची दाढ

बाबा दवाखान्यातून पुन्हा पळाले तेव्हा त्यांच्या गळ्यातलं निळं कागदी लाळेरं तसंच लटकत होतं. त्यांना खुर्चीत बसवून डॉक्टर हात धुवायला वळली, आणि मागे बघते तो खुर्ची रिकामी. खिडकीतून डोकावली, तर स्वारी समोरच्या फुटपाथवर उभी राहून एका अनोळखी माणसाला पत्ता समजावून सांगत होती.

डॉक्टर ही त्यांचीच मुलगी. दवाखाना उघडून फार दिवस झाले नव्हते. बाबांच्या खालच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. एकदा गाल टम्म सुजला, तो गोळ्यांनी उतरला. पुन्हा सुजला तर जबड्याच्या हाडावर बेतणार, हे तिला एक्स-रेमध्ये लख्ख दिसत होतं. बाबांना त्याच एक्स-रेमध्ये "फोटो जरा काळा आलाय" एवढंच दिसत होतं. जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात दोरीला लटकून दुरुस्त्या केलेला हा माणूस. पण यंत्राची घूंऽऽ ऐकली की त्याला एकदम कुणाचं तरी काम आठवायचं.

"मी घाबरत नाही गं," ते म्हणायचे. "पण आज खरंच वेळ नाही."

निवृत्त माणसाचं हे वाक्य ऐकून ती कपाळाला हात लावायची. त्यात इमारतीत कुजबुज सुरू झालेली. स्वतःच्या बापाला खुर्चीत टिकवता येत नाही, ती आपल्याला काय टिकवणार? बाहेर बसलेले पेशंटही यंत्राचा आवाज आला की एकेक करून चपला शोधायला लागायचे.

"ताई, बाहेर टीव्ही लावा," दवाखान्यात मदतीला असलेल्या मावशी म्हणाल्या. "माणसाचं मन गुंतलं की कान आपोआप बंद होतात."

म्हणणं तर्काला धरून होतं. टीव्ही आला. त्यात लावायला धाकट्या भावाने एक जपानी मालिका आणून दिली.

"कार्टून?" डॉक्टरने विचारलं. "अरे, माझे पेशंट पन्नाशीचे आहेत!"

"ॲनिमे म्हण, ताई. कार्टून म्हणालीस तर पेन ड्राइव्ह परत नेईन."

"आहे काय त्यात? तलवारी, राक्षस, जादू?"

"आहे सगळं. पण त्यासाठी कुणी बघत नाही. तू बघ तर."

तिला बघायला वेळ कुठला? तिने बटण दाबलं आणि ती आत गेली. मालिकेत चार प्रवासी एका डोंगराकडे निघाले होते: नकाशे काढणारी एक हट्टी मुलगी, स्वतःच्या सावलीला दचकणारा तलवारबाज, सतत कुरकुरणारी एक जादूगार आजी, आणि एक म्हातारा ड्रॅगन. ड्रॅगनची आग कधीच विझली होती आणि ही गोष्ट तो सोबत्यांपासून लपवत होता. कुणी शेकोटी पेटवायला सांगितली, की त्याचा घसा बसायचा.

पहिल्या आठवड्यात प्रयोग विलक्षण यशस्वी झाला. एकही पेशंट पळाला नाही. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरच्या लक्षात आलं, की आतही कुणी येत नाही.

"पुढचा नंबर!" मावशी पुकारायच्या.

"यांना जाऊ द्या आधी," कोपऱ्यावरचे शिंपीकाका शेजारणीकडे बोट दाखवायचे.

"मला नाही घाई. तुम्ही आधी आलात," गाण्याच्या बाई म्हणायच्या. दवाखान्याला इतकी सभ्य माणसं लाभलेली पाहून डॉक्टरला सुरुवातीला बरंच वाटलं होतं.

भाषा जपानी आणि अर्थ पडद्याखालच्या अक्षरांत, म्हणजे नजर हलवायची सोय नाही. गाण्याच्या बाईंना तिने भुलीचं इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. बाई बाहेर गेल्या त्या गेल्याच. दोन भाग संपवून डोळे पुसत आत आल्या, तोवर भूल उतरायला लागली होती. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा बाहेर, आणि नकाशेवालीचं आजीशी भांडण नेमकं तेव्हाच जुंपलं. संध्याकाळी बाई अर्धा ओठ लोंबकळत, दात तसाच ठेवून घरी गेल्या. जाताना मावशींना "उह्या एऊ" म्हणाल्या.

"उद्या येते म्हणतायत," मावशींनी डॉक्टरला समजावलं.

पण खरी गंमत बाबांची झाली. टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत कुणी दाढ काढत नाही, हे ध्यानात आल्यावर ते रोज सकाळी येऊन पहिली खुर्ची पकडू लागले. हळूहळू ते तिथले पुराणिक झाले. उशिरा येणाऱ्याला मागची कथा तेच सांगायचे.

"काल काय झालं, काका?"

"काही नाही. पाऊस पडला, चौघांचे मोजे भिजले, ते वाळवत बसले."

"आख्खा भाग?"

"आख्खा भाग! मारामारी काय, कुणीही दाखवेल. मोजे वाळवताना कोण कुणाच्या मोज्यांना जागा करून देतं, त्यात माणूस कळतो."

"ड्रॅगनने का नाही वाळवले? एक फुंकर मारायची."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "त्याचं त्या दिवशी जरा काम होतं."

आतून हे ऐकताना डॉक्टरच्या हातातला आरसा थांबला. मग तिने मनाशी सरळ हिशेब मांडला. बाबा टीव्हीजवळ बसतात. टीव्ही हलवला, तर बाबाही हलतील.

रविवारी तिने टीव्ही काढून आतल्या खोलीत, पेशंटच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला.

सोमवारी बाहेर बंडाळी माजली. "आम्ही काय भिंतीकडे बघायचं?" शिंपीकाका भडकले. "हे डॉक्टरला शोभत नाही. आज शेवटचा भाग आहे!"

"खुर्चीत बसेल त्याला दिसेल," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "खुर्ची एकच आहे."

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी बंद दाराकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं. आतून मालिकेचं सुरुवातीचं गाणं सुरू झालं. ही करामत मावशींची. बाबा उठले. लढाईला निघाल्यासारखे आत जाऊन खुर्चीत बसले आणि हातांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"फक्त बघणार हं मी."

"बघा ना. तोंड तेवढं उघडं ठेवा."

भूल देताना ते एकदाच "अं" म्हणाले, तेही तलवारबाज पुलावरून घसरला म्हणून. दाढ बधिर होईपर्यंत थांबायचं होतं, तेवढ्यात दार किलकिलं झालं.

"डॉक्टर, आम्ही भिंतीला चिकटून उभे राहतो," गाण्याच्या बाई आर्जवाने म्हणाल्या. "श्वाससुद्धा घेणार नाही."

"हे काय थेटर आहे का?"

"राहू दे गं त्यांना," खुर्चीतून बाबा बोबड्या आवाजात म्हणाले. "एवढी चालत आलीयत सगळी डोंगरापर्यंत. शेवटाला बाहेर ठेवायचं का?"

बाबा पळण्यापेक्षा गर्दी परवडली. मावशींनी सगळ्यांना मास्क दिले, डोक्याला टोप्या घातल्या आणि ओळीने भिंतीशी उभं केलं. डॉक्टरची पाठ पडद्याकडे होती. तिला दिसत होती फक्त बाबांची दाढ, आणि मान वर केली की त्यांच्या चष्म्याच्या काचेत हलणारे इवले इवले रंग.

तिने चिमटा लावला. दाढ आधी हटून बसली, मग जराशी हलली. त्याच वेळी पडद्यावर बर्फाचं वादळ सुटलं. चौघं गुहेत अडकले, आजी थंडीने काळीनिळी पडली, आणि सगळ्यांनी ड्रॅगनकडे पाहिलं. ड्रॅगनने मान खाली घातली. जपानीत तो काय म्हणाला ते डॉक्टरला कळलं नाही, पण भिंतीशी शिंपीकाकांनी हुंदका दिला.

"काय म्हणाला?" तिने न राहवून विचारलं.

"माझ्यात आग नाही म्हणाला," मावशी नाक ओढत म्हणाल्या. "मला भीती वाटायची, म्हणून सांगितलं नाही."

"मग?"

"मग तलवारवाला म्हणतोय, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आगीसाठी कोण आलं होतं तुझ्याबरोबर? आणि सगळे त्याच्या पंखाखाली जाऊन बसलेत हो, ताई!"

बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भिंतीशी सामुदायिक रडणं सुरू झालं. गाण्याच्या बाईंनी तर अगदी सुरात सूर लावला. त्या गलबल्यात डॉक्टरने मनगट वळवलं आणि दाढ अलगद बाहेर आली. बाबांना पत्ताही लागला नाही.

त्याच क्षणी दवाखान्यात एक नवीन पेशंट येऊन पोचला होता. बाहेर चिटपाखरू नाही म्हणून त्याने दाराच्या काचेतून आत डोकावलं. खुर्चीत एक म्हातारा गळा काढून रडतोय, भोवती मास्क आणि टोप्या घातलेली माणसं मान खाली घालून उभी आहेत, आणि डॉक्टरच्या हातात रक्ताळलेला चिमटा आहे. तो आल्या पावली परत गेला, आणि जाताना जिन्यात जो जो भेटला त्याला त्या दृश्याचं वर्णन ऐकवत गेला.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमीला पाय फुटले. म्हणे, डॉक्टरने बापाची दाढ भुलीशिवाय उपटली, आणि बघणारेही रडले. बापावर दया नाही, तिथे आपली काय कथा! दुसऱ्या दिवशी बाहेरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मालिका संपल्यामुळे जुनी मंडळीही फिरकली नव्हती. मावशी उगाच पुसलेलंच टेबल पुसत होत्या.

दुपारी दार वाजलं. बाबा होते. गालावर सूज नाही, चेहऱ्यावर मात्र फार मोठं संकट आल्याचा भाव.

"दुखतंय का?" डॉक्टर धावली.

"ती नाही. या बाजूची," ते दुसरा गाल धरून म्हणाले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही." आणि कुणी न सांगता सरळ आत जाऊन खुर्चीत आडवे झाले, आ वासून.

तिने दिवा ओढला. आरशाने तपासलं, चिमट्याच्या टोकाने हळूच ठोकून पाहिलं. दाढ पहाडासारखी होती. एवढी निरोगी दाढ तिने कॉलेजच्या पुस्तकातही पाहिली नव्हती. बाबा छताकडे बघत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून धाकट्याचा नवा पेन ड्राइव्ह डोकावत होता.

"गंभीर आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"बरंच," डॉक्टर म्हणाली. "बराच वेळ बसावं लागेल."

तिने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, दिवा मालवला, आणि आपलं फिरतं स्टूल ओढून, या वेळी पडद्याकडे तोंड करून, त्यांच्या शेजारी बसली.