गाण्याची पेटी आणि एक माप ज्वारी

धान्याची पेटी करावी ती बेलापूरच्या गहिनीनाथ सुतारानंच, असं खुद्द गहिनीनाथच सगळ्यांना सांगायचा. त्याच्या पेटीत मुंगीला शिरायचं झालं, तर आधी त्याच्याकडून किल्ली न्यावी लागायची! पण समोरच काकासाहेबानं पत्र्याच्या कोठ्यांचं दुकान थाटलं आणि लाकडी पेटी कुणी विचारीना. म्हातारा रोज पटाशीला धार लावायचा आणि तिच्याच मुठीनं पाठ खाजवायचा.

अशात करण आला. कांदा वाहायची त्याची छोटी पिकअप. तिच्यात त्याला छातीत धडधडेल असा मोठा स्पीकर बसवायचा होता आणि स्पीकरला पाहिजे लाकडी पेटी. जागा कुठं, तर सीटच्या मागं. वीतभर, तीही तिरकी. नगरच्या दुकानदारानं हात जोडले होते.

"पेटीत पंचवीस लिटर जागा पायजे, आबा. जास्त न्हाई, कमी न्हाई. आन् वर हवेला एक भोक."

"भोक? उंदराला वाट ठिवू व्हय?"

समजूत घालता घालता करणचा चहा निवला, तेव्हा कुठं भोक कबूल झालं. काकासाहेब दुकानातून ऐकतच होता. तो म्हणाला, असल्या सांदीत पेटी बसली आणि वाजली, तर माझ्या घरातली पत्र्याची कोठी काढून तुझी लाकडी पेटी ठेवीन. नाही वाजली, तर तुझा वाकस माझ्या दुकानाच्या दारावर टांगीन. वाकस म्हणजे गहिनीनाथच्या बापाच्या हातचं, लाकूड तासायचं हत्यार. पण ते आठवायच्या आत गहिनीनाथच्या तोंडातून "व्हय" निघून गेलं होतं.

पेटी झाली. पाठीला तिरकी, आतून आधाराची फळी. सीटमागं ठेवली तर ओसरीवरच्या जावयासारखी बसली, हलायचं नाव नाही. आता पंचवीस लिटर मोजायचे कसे? पाणी ओतावं तर लाकूड फुगेल. त्यानं पेटी परत काढली, डेअरीतून लिटरचं माप आणलं आणि बायकोकडून, रंगुबाईकडून, ज्वारी मागून घेतली. पंचवीस मापं ओतली, बरोबर काठाला लागली! मग ज्वारी परत काढली, तर भरली चोवीस.

"एक माप कुठं गेलं?" रंगुबाईनं विचारलं.

"चिमण्यांनी खाल्लं असंल."

"चिमण्या हुत्या का बैल?"

सांध्यांचा सरस अजून ओला होता म्हणून पेटी जोरात झटकलीच नव्हती, हे काही तो बोलला नाही.

स्पीकर बसला. परीक्षेच्या दिवशी करणच्या शेजारी पंच म्हणून काकासाहेब बसला, परीटघडीची टोपी घालून. पिकअप गटारीवरून उडी मारून चावडीपुढं थांबली. करणनं गाणं लावलं. आतून नुसतं खर्र खर्र. काकासाहेबानं हसून गहिनीनाथच्या हातातल्या वाकसाकडं पाहिलं. करण घाबरला आणि त्यानं आवाज पार शेवटाला नेला.

धाडकन ठोका पडला आणि भोकातून ज्वारी उडाली! टोपीवर, कॉलरीत, दोघांच्या मांडीवर. लग्नात अक्षता ज्वारीच्याच पडतात, हे गावाला कुणी सांगायला नको. चावडीवरून कुणीतरी लगेच "शुभमंगल सावधान" म्हटलं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. काकासाहेब उतरू पाहतोय, तर दाराशी वऱ्हाड दाटलेलं! तेवढ्यात पेटी रिकामी झाली, गाणं मोकळं झालं आणि चावडीच्या खिडक्या थरथरल्या.

"हे धरायचं न्हाई," काकासाहेब खाली उतरून म्हणाला. "गाण्याचं ठरलं हुतं, लगनाचं न्हाई."

कुणी उत्तर द्यायच्या आत रंगुबाई सूप घेऊन आली. तिनं गाडी झाडली, ज्वारी मापात भरली. मूठभर कमी पडली.

"भाऊजी, खिसा झाडा."

काकासाहेबानं झाडला. माप भरलं. एवढ्या लोकांदेखत लग्नाच्या अक्षता मापात परत गेल्या, उरलं ते नुसतं गाणं, आणि ते तर खणखणीत वाजत होतं; काकासाहेबाला पैज मानावीच लागली.

पंधरा दिवसांनी बिनभोकाची लाकडी पेटी काकासाहेबाच्या दारात उतरली. आणली करणच्याच पिकअपनं, गाणं वाजवत. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. काकासाहेबाची बायको रतनबाई बाहेर आली आणि काय बघताय म्हणून विचारू लागली.

"रुखवत," रंगुबाई म्हणाली.