मधुभाऊंचा बगळा

आमच्या मूल गावच्या धानाच्या शेतांत बगळे पुष्कळ. पण घरात बगळा पाळलेला माणूस एकच, आमचे मधुभाऊ.

हा बगळा म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरचा पेंग्विन. पेंग्विन हा पक्षी मधुभाऊंना मान्य नाही. त्यांची मुलगी सुमी पुण्याला नोकरीवर जाताना घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स बसवून गेली, त्याचंच चिन्ह हा पेंग्विन. फुकट आहे, व्हायरस येत नाही, असं म्हणाली. सगळं खरं. फक्त विक्रीकराचं सरकारी सॉफ्टवेअर त्यावर चालायचं नाही, आणि मधुभाऊंचा धंदाच मुळी राइस मिलवाल्यांची रिटर्नं भरायचा.

माझा सायबर कॅफे त्यांच्या भिंतीला लागून. शेवटची तारीख जवळ आली की पलीकडून आरोळी यायची, "सुमे, बगळा नाई म्हणते वं!" मग तासभर फोन. सुमी तिकडून एकेक कमांड सांगायची, मधुभाऊ एका बोटानं टाइप करायचे आणि मधेच "जेवली का?", "तिकडे थंडी हाय का?" विचारून घ्यायचे. बगळा काही ऐकायचा नाही. शेवटी रिटर्न पेनड्राइव्हवर बसून माझ्याकडेच यायचं.

"तुह्या विंडोजले बुद्धी नाई," वर मलाच ऐकवायचे, "म्हून तो सरकारचं ऐकते."

एकदा एक मिलवाला दारातच अडून बसला. "भाऊ, दंड लागला तर बगळा भरन का?"

"भरन ना. मासोळ्या देईन तो."

"भाऊ, विंडोज टाकून देतो, पैसेही नको," असं मी कितीदा तरी म्हटलं. मी देव्हाऱ्यातला देव उचलायला आलोय, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघायचे.

आणि एक दिवस सरकारलाच सुबुद्धी झाली. रिटर्न थेट वेबसाइटवर भरायचं, मशीन कोणतंही चालेल. मधुभाऊंचं पहिलं रिटर्न चहा निवायच्या आत गेलं. मी टाळीसाठी हात पुढं केला, तो तसाच राहिला.

"झालं?"

"झालं की, भाऊ! पावतीही गेली सुमीच्या मेलवर." मधुभाऊंचा ई-मेल म्हणजे सुमीचाच.

ते पडद्याकडे बघत राहिले. "मंग आता तिले काय म्हणून फोन लावू गा?"

"सहज लावा."

"सहज लावला का दोन मिनटात संपते. बरी हाय? बरी हाय. झालं. तिची माय होती तवा दोघी तासतास बोलत. मले तसं बोलता येत नाई."

मला फार वाईट वाटलं. रिकामे कप उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. माझी मशिनं बंद, म्हणून मी पायरीवर वारा खात बसलो होतो. तेवढ्यात पलीकडून ओळखीची आरोळी आली, "सुमे, बगळा नाई म्हणते वं!"

मी खिडकीतून डोकावलो. बंद पडलेल्या काळ्या पडद्यासमोर मधुभाऊ उभे, फोन स्पीकरवर.

"बाबा, रिटर्न तर कालच गेलं. पावती आली मले."

मधुभाऊ चोरी पकडल्यासारखे फोनकडे बघत राहिले.

"बरं," सुमी म्हणाली, "तुम्ही पहिले खुर्ची ओढून नीट बसा. मंग मले सांगा, काय दिसून राह्यलं स्क्रीनवर?"

मधुभाऊंनी खुर्ची ओढली.

"बगळाच दिसते," ते म्हणाले. "तू जेवली का वं?"