दूर पाहण्याची परवानगी

दाखल्यांच्या कार्यालयातील चार नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाच्या डोळ्यांतून सकाळपासून पाणी वाहत होते. रांगेतल्या लोकांना वाटले, माणूस विरघळला. दोघेतिघे आशेने पुढे सरकले. प्रत्यक्षात त्याला पडद्यावरची अक्षरे दिसत नव्हती. आदल्याच दिवशी त्याने जन्माचा दाखला मागणाऱ्या गृहस्थांच्या हाती त्यांच्याच मृत्यूचा दिला होता. गृहस्थांनी समोर उभे राहून हरकत घेतली, ती पुराव्याअभावी प्रलंबित होती. आणखी एक चूक झाली की खुर्ची जाणार, असे मोठ्या साहेबांनी लेखी कळवले होते.

बायकोने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी यंत्रापुढे हनुवटी टेकायला लावली, डोळ्यांत पिवळा रंग सोडला, मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटे गप्प बसवले. पट्टी जेमतेम भिजली.

“डोळे कोरडे पडलेत,” त्या म्हणाल्या.

“अहो, घळाघळा पाणी वाहतंय.”

“कोरडा डोळा चुरचुरला की भसाभस पाणी सोडतो. ते वाहून जातं, ओलावा राहत नाही. पापण्या मिटता का नीट?”

“कामाच्या वेळेत नाही.”

“घरीसुद्धा नाही हो,” बायको म्हणाली. “तिथे मोबाइल असतो. मी नवी साडी नेसून समोरून तीनदा गेले, तर म्हणतात, जरा उजेड सोड.”

थेंब, पापण्यांना गरम शेक, पापणी पूर्ण मिटणे, वाऱ्याच्या झोताखाली न बसणे आणि थोड्या थोड्या वेळाने दूर पाहणे, असे उपचार लिहून मिळाले.

कारकुनाने रीतसर परवानगी मागितली. झोत हलवता येईना की खुर्ची सरकवता येईना, कारण वारा विद्युत शाखेचा आणि खुर्ची भांडार शाखेची होती. पापणीच्या मुद्द्यावर साहेब गंभीर झाले.

“डोळे मिटल्यावर तुम्ही कामावर असता का?”

“शरीरानं असतो, साहेब.”

“तसे तर इथे सगळेच असतात.”

अखेर पापणी मिटणे हा कामाचाच भाग मानावा, मात्र दोन्ही एकदम मिटू नयेत, असा निर्णय झाला. दूर पाहण्यास हरकत नव्हती; फक्त दूर असे काही तिथे नव्हते. तिन्ही बाजूंना कपाटे आणि चौथीकडे खिडकीची काच. काचेपलीकडे रांग होती. नाइलाजाने तो रांगेकडे पाहू लागला.

परिणाम विपरीत झाला. पाहिले की दिसते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेच नव्हते. मागे उभे असलेले एक आजोबा दिसले. त्यांच्या हातात भलताच अर्ज होता.

“आजोबा, तो अर्ज खाली घेतात. उगाच उभे राहू नका.”

मग कडेवर तान्हे घेतलेली बाई दिसली, तिला त्याने पुढे बोलावले. रांग दुपारच्या आत संपू लागली. चूक एकही होईना. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टी लावली, ती छान भिजली. बायकोची तर साडी न बदलताच दखल घेतली गेली, तेव्हा तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आणि मग तक्रार आली. ‘सदर कर्मचारी वारंवार मान वर करून आमच्याकडे पाहतो. त्याचा हेतू कळत नाही. कधीकधी हसतोही.’ खाली संपूर्ण रांगेच्या सह्या होत्या.

साहेबांनी त्याला बोलावले. “जनतेकडे पाहिलंत?”

“औषध म्हणून, साहेब.”

“औषध घरी घ्यायचं.”

जुन्या सेवेचा विचार करून खुर्ची राखली गेली. खिडकीला दुधी काच बसली. खाली हात जाईल एवढी फट ठेवली. आतल्या बाजूला, दूर पाहण्याची सोय म्हणून, डोंगराचे चित्र चिकटवले. ते त्याच्या नाकापासून वीतभर होते. डॉक्टरीणबाईंनी थेंब वाढवून दिले.

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा जिन्यापर्यंत गेली. आपणही होतो तिच्यात. फटीतून कागद सरकवताना आपल्याला हायसे वाटले. आता कसे कार्यालयात आल्यासारखे वाटत होते. संध्याकाळी घरी गेल्यावर चहा घेता घेता आपण घरच्यांना सांगितले, की ही माणसे कधी मान वर करून बघतसुद्धा नाहीत.